दीड हात पुढे

ही हकिगत मी आजवर कोणाला सांगितली नाही. सांगायची वेळ आली की मला अचानक तहान लागे, नाहीतर कोणाला तरी तातडीचा फोन करायचा असे. एकदा पत्नीला सांगायचंच म्हणून समोर बसलो आणि दोन वाक्यं हवापाण्याची बोलून उठलो, ते थेट अंगणातल्या कढीपत्त्याला आळं करायला गेलो. असं बरेचदा झाल्यामुळे आमचा कढीपत्ता आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात सर्वांत सुदृढ असावा. आता पंचाहत्तरी जवळ आली आहे आणि झाडाला आणखी आळ्याची गरज उरलेली नाही.

थंडीच्या सकाळी शहराबाहेरच्या आमच्या सरकारी लाकूड डेपोत शिरलं की माणसं दिसायच्या आधी वास भेटायला यायचा. ताज्या कापलेल्या सागाचा तेलकट, किंचित चामड्यासारखा वास, सालाच्या डिंकाचा गोडसर दरवळ आणि या सगळ्याखाली रात्रभर दव पिऊन फुगलेल्या सालींचा ओला, जुनाट श्वास. उन्हाची पहिली तिरीप थप्प्यांवर पडली की ओंडक्यांची कापलेली गोल तोंडं एकेक करून उजळत. शेकडो पिवळे चेहरे एकाच वेळी जागे होऊन आपल्याकडे पाहत आहेत असं वाटे, आणि त्या चेहऱ्यांच्या समोर, मफलर कानांवरून घेतलेले, हात पाठीमागे बांधलेले बळीरामजी उभे असत.

बळीरामजी आमच्याकडे लाकूड मोजत. मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळ्या डेपोत मराठी बोलणारे आम्ही दोघेच. मी डेपोचा साहेब आणि ते मोजणीवाले, पण हिंदीच्या त्या गजबजाटात आमची मराठी म्हणजे दोघांनी मिळून लपवलेली मिठाई होती. त्यांची मोजायची रीत अशी, की थप्पीभोवती एक फेरी सावकाश मारायची, एका जागी थांबून तळहात लाकडावर ठेवायचा, डोळे बारीक करायचे आणि आकडा सांगायचा. ओंडक्यांच्या मधल्या पोकळ्या नजरेनंच वजा व्हायच्या. ओलं लाकूड वाळल्यावर बसतं म्हणून मजूर थप्पी चार बोटं चढती रचत. ती चार बोटंही त्या आकड्यात धरलेली असत. मग नियम म्हणून टेप लावायची. टेप त्यांच्या मागून धापा टाकत येई आणि तेच सांगे. रचणाऱ्या मजुरांना थप्पीमागे मजुरी मिळे आणि बळीरामजींनी आकडा सांगितला की तिथे कधी वाद झाला नाही.

छत्तीसगड वेगळा झाला, चांगली रानं तिकडे गेली, आणि काही वर्षांनी वरच्या लोकांना असं वाटू लागलं की उरलेलं लाकूड तरी शास्त्रीय पद्धतीनं मोजावं. म्हणून एक सॉफ्टवेअर आलं. थप्पीचा समोरून फोटो काढायचा, फोटोत एक लाल-पांढरी मीटरची दांडी असायला हवी, दांडीवरून सॉफ्टवेअर प्रमाण ओळखतं, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडाभोवती हिरवं कडं काढतं आणि क्षणात घनमीटर सांगतं. या कामावर माझी नेमणूक झाली, कारण डेपोतल्या संगणकावर पत्त्यांचा खेळ मांडलेला मी एकटाच वरिष्ठांना दिसलो होतो.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी एक तरतरीत इंजिनियर आला. त्यानं दांडी थप्पीला नीट टेकवली, फोटो काढला, आणि आकडा बळीरामजींच्या आकड्याशी जवळपास जुळला. टाळ्या झाल्या. मग मोठ्या साहेबांना थप्पीसमोर उभं राहून फोटो हवा झाला. उन्हात त्यांचं टक्कल चांगलंच चकाकत होतं. सॉफ्टवेअरनं त्या टकलाभोवती, मागच्या ओंडक्यांइतक्याच आदरानं, एक हिरवं कडं काढलं आणि साठ्यात साहेबांची भर घातली.

"अरे, ये तो हमें भी लकड़ी समझ रहा है!" साहेब हसले, म्हणून सगळे हसले.

बळीरामजी माझ्या कानाशी वाकले. "साहेब, आतून पोकळ तं नाही ना, पाहून घ्या. नाहीतर वजा करा लागंन."

मला हसू दाबताना ठसका लागला आणि इंजिनियरनं पुढे सांगितलेलं बरंचसं त्या ठसक्यात गेलं. छापील सूचना मिळाल्या होत्या. त्या मी वाचल्या आहेत अशी सहीही केली. वाचल्या नाहीत.

इथे मला एक लाजिरवाणी गोष्ट सांगायला हवी. लाकडांच्या डेपोत तीस वर्षं काढलेल्या या माणसाला सापांची विलक्षण भीती वाटते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका थप्पीतून धामण निघाली आणि माझ्या बुटावरून, काही घाई नसल्यासारखी, पलीकडे गेली. धामण बिनविषारी असते हे नंतर मला सगळ्यांनी समजावलं. धामणीला मात्र कोणी काही समजावलं नाही. तेव्हापासून मी कोणत्याही थप्पीपासून अंतर राखून रुबाबात उभा राहत असे आणि लोकांना तो अधिकाऱ्याचा रुबाब वाटे.

तर इंजिनियर गेल्यावर दांडी लावायचं काम माझ्याकडे आलं. ती थप्पीला टेकवायची म्हणजे त्या काळोख्या पोकळ्यांशेजारी हात न्यायचा. मी ती दीड हात पुढे, मोकळ्या जमिनीत रोवली. दहा पावलं मागे गेलो आणि फोटो काढला. बळीरामजी आणि थप्पी रचणारे दोन-तीन मजूर पाहत होते.

"साहेब, काठी इतकी पुढं काहून रोवून राहिले? त्या पोरानं तं टेकवली होती."

"मशीनला असंच लागतं," मी म्हणालो. आवाज जरा चढाच लागला. "तुम्ही तुमचं काम पाहा, बळीरामजी."

त्यांनी मफलर सारखा केला. "बरं जी," म्हणाले आणि दुसऱ्या थप्पीकडे गेले.

महिन्याभरात माझ्या सगळ्या फोटोंचे आकडे वरिष्ठांकडे पोहोचले आणि वरून विचारणा आली. सॉफ्टवेअरनुसार, बळीरामजींच्या नोंदीतल्या दर सहा थप्प्यांमागे एका थप्पीइतकं लाकूड जागेवर नव्हतंच. ते हवेत विरलं होतं. अर्थ उघड होता, म्हणजे ज्यांना लावायचा होता त्यांना तो उघड वाटला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सगळ्यांसमोर नीट मोजलं, एरवी ट्रकवाल्यांच्या सोयीनं आकडा फुगवतात. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आदमी तो ठीक है, सर. पर मशीन का क्या स्वार्थ?" हे वाक्य मला तेव्हा फार संतुलित वाटलं होतं.

बळीरामजींनी एक थप्पी पुन्हा मोजू देण्याची विनंती केली. मला ते आजही दिसतं. ते थप्पीभोवती तीन फेऱ्या फिरले. एरवी एकच फेरी पुरे. तळहात ठेवला, उचलला, दुसरीकडे ठेवला. तोच आकडा सांगितला. मग टेप लावली, तिनंही तोच सांगितला. मोठे साहेब म्हणाले, टेप धरणारा हातही त्यांचाच आहे. चोरी सिद्ध झाली नाही, कारण विरलेलं लाकूड कुठेही सापडत नव्हतं. पण निवृत्तीला आठ महिने राहिले असताना त्यांना मोजणीवरून काढून फाटकावर बसवलं गेलं. येणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचे. बस्स.

संक्रांतीला आम्ही ग्वारीघाटावर गेलो. नर्मदेवर कोवळं ऊन पसरलं होतं, पाण्यावरून धूप आणि तिळाच्या लाडवांचा वास येत होता. पत्नी आणि तिची धाकटी बहीण बेबी पायऱ्यांवर उभ्या राहिल्या आणि डेपोच्या त्याच कॅमेऱ्यानं मी फोटो काढला. पत्नीनं तो पाहिला मात्र.

"हे काय! मी काय इतकी जाडी आहे? बेबीच्या दुप्पट दिसून राहिली!"

"दीदी, तू आहेसच," बहीण म्हणाली.

"चूप बस. तू दोन पायऱ्या मागं उभी होतीस. मी पुढं होती म्हणून मोठी दिसून राहिली. यांना एवढंही समजत नाही, आणि म्हणे साहेब फोटोवरून लाकडं मोजतात!"

जो पुढे उभा असतो तो मोठा दिसतो. दांडी मोठी दिसली, तर तिच्या मापानं मागची थप्पी लहान भरते. घाटावर घंटा वाजत होत्या. माझ्या हातातला तिळाचा लाडू तसाच राहिला. "अहो, रागावले का? मी तं मस्करी केली," पत्नी म्हणाली. मला तिच्याशी आयुष्यभर झालेल्या एकाही भांडणात ती इतकी बरोबर कधी सापडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डेपो भरायच्या आधी पोहोचलो. डोळे मिटून, तोंडानं रामरक्षा पुटपुटत, हात लांबवून दांडी थप्पीला टेकवली. साप नव्हता. एक खार होती आणि ती माझ्याहून जास्त घाबरली. फोटो काढला. आकडा आला तो बळीरामजींचा, अगदी तोच. तीन थप्प्यांवर करून पाहिलं. तिन्ही वेळा तोच.

आणि मी ते तिन्ही फोटो पुसून टाकले.

याची कारणं मी इतकी वर्षं रचत आलो, चांगली चढती रचत आलो. नवी पद्धत यशस्वी केल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळायचं होतं. निवृत्ती जवळ होती. सूचना वाचल्याची सही होती. पण खरं सांगायचं तर भरल्या बैठकीत उभं राहून "मला सापाची भीती वाटते" हे एक वाक्य म्हणायची माझी छाती नव्हती. त्या वाक्याच्या बदल्यात मी एका माणसाची नजर देऊन टाकली. त्या दिवसापासून दांडी मात्र टेकवू लागलो. आकडे जुळू लागले, आणि वरच्यांनी त्याचा अर्थ असा लावला की बळीरामजींना हटवल्यामुळे डेपो सुधारला. प्रशस्तिपत्रात तसा उल्लेखही होता.

मग मी भरपाई करू लागलो. फाटकावर त्यांच्यासाठी हातांची खुर्ची पाठवली. शेकोटीला वाळलेलं, धूर न करणारं लाकूड. दुपारी घरून डबा, पेरू, एकदा तर नवा मफलर. "साहेब, तुमच्यासारखा माणूस नाही," ते म्हणत, आणि मी आणखी काहीतरी पाठवी. शेवटी शेवटी त्यांना अपचन झालं.

निवृत्तीनंतर ते मुलाकडे सिहोऱ्याला राहायला गेले. मी नऊ वर्षं तिकडे फिरकलो नाही. मग एका फेब्रुवारीत, खोव्याच्या जलेबीचा डबा घेऊन, सिहोऱ्याच्या बसमध्ये बसलो. वाटेभर गव्हाच्या हिरव्या शेतांवरून वारा येत होता आणि मी मनात वाक्यं घासूनपुसून लावत होतो. उतरेपर्यंत माझी माफी चांगली पाच मिनिटांची झाली होती.

बळीरामजी अंगणात बाजेवर बसले होते. वाळले होते, पण मला पाहताच उठले. "अरे, साहेब! चलो, या या! सूनबाई, चहा टाक, आपले साहेब आले!" कोपऱ्यात मुलानं दारांच्या चौकटींसाठी आणलेलं सागवान रचून ठेवलं होतं, कमरेइतकं. बोलायला सुरुवात कुठून करावी हे न सुचून मी त्याकडे बोट केलं. "किती असेल हो, बळीरामजी?"

त्यांनी तिकडे पाहिलं. डोळे बारीक झाले. तळहात मांडीवरून जरासा उचलला गेला. ओठ हलले. मग ते सगळं जागच्या जागी थांबलं आणि त्यांनी आत हाक मारली, "बाई, टेप आण वं जरा."

"टेप कशाला? तुम्ही नजरेनं सांगा की."

"नाही जी. नजरेनं नाही सांगत आता." ते हसले. "मशीन आली म्हणून समजलं. तीस वर्षं गलत मोजून राहिलो होतो, कोणी टोकलं नाही. मंग मनात येते, त्या मजुरांचं काय झालं असंन? त्याईची मजुरी माह्याच आकड्यावर होती ना. कोणाले जास्ती गेली, कोणाले कमी, आता कोणाले इचारू?"

आतून उकळत्या चहातल्या आल्याचा वास आला. माझी पाच मिनिटांची माफी घशाशी येऊन उभी होती.

"आणि एक सांगाचं राहून गेलं, साहेब," ते म्हणाले. त्यांनी हात जोडले. "त्या दिवशी काठी पुढं काहून रोवली म्हणून मी तुमाले टोकलं होतं. चार माणसांत. लहान तोंडी मोठा घास झाला. माफ करजा."

मी काय म्हणालो ते मला नेमकं आठवतं. इतर बरंच काही मी विसरलो आहे, हे विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "असू द्या हो, बळीरामजी. मी कधीच माफ केलं."

सुनेनं टेप आणली. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. त्यांनी आकडा दोनदा वाचला, मग माझ्याकडून वाचून घेतला. चहा प्यायलो. जलेबी त्यांनी दोन खाल्ल्या. बस पकडायला मुलानं मला स्कूटरवर सोडलं.

पुढल्या वर्षी पुन्हा जायचं ठरवलं होतं. पावसाळा संपू दे म्हटलं, मग दिवाळी होऊ दे म्हटलं. पौषात त्यांच्या मुलाचा फोन आला. जाताना फार त्रास झाला नाही, म्हणाला.

जे त्या अंगणात म्हणायचं होतं, ते पाच मिनिटांचं नव्हतंच. बळीरामजी, काठी मी पुढे रोवली होती, भीतीनं. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मजुरांना त्यांचं बरोबर मिळालं. मला माफ करा.