गाईचं रक्त नगरला नेलं त्याची गोष्ट

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यापुढं शाळेला माझी गरज नव्हती आणि मला शाळेची. पण जनावराच्या बाबतीत माझं ऐकणारी माणसं आमच्या पारनेरच्या बाजूला अजून आहेत. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे गोठे जाऊन बघावेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून गावात काहीजण अजून हसतात. हसू देत. गाय माझी होती.

गाय काळीपांढरी, संकरित, सहा महिन्यांची गाभण. तरी दोन्ही वेळचं दूध चालू. एका सकाळी तिनं घासाला तोंड लावलं नाही. हिरवागार घास पुढ्यात आणि ही मान खाली घालून उभी. मी आडवी काठी घेतली, तिच्या पाठीवर ठेवून दाबली. ती कण्हली. मी बायकोला म्हणालो, "तार हाय पोटात. चाऱ्यातनं गेली असंल."

हे मी उगाच म्हणालो नाही. पूर्वी आमची एक गाय अशीच उभी राहिली होती. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले अपचन, मी म्हणालो तार. गाय गेली आणि फाडून बघितलं तर तार थेट काळजात घुसलेली. तेव्हापासून तारेच्या बाबतीत मी कुणाला विचारत नाही. तार असली की एकच इलाज, कूस उघडून बाहेर काढायची. मी लगेच गावातल्या टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं, परवा सकाळी गाय मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनला न्यायची.

संध्याकाळी सून आली. माझी सून संगमनेरकडची. लग्न झालं तेव्हाच तिचा जनावरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा चालू होता, तो आता शेवटच्या वर्षाला आलाय. पोरगा सुप्याला कंपनीत पाळ्या करतो, आणि ही रोज स्कूटीवरून नगरकडं कॉलेजला जाते. पिशवी ठेवायच्या आत ती गोठ्यात गेली, गाईला थर्मामीटर लावला आणि मला हाक मारली.

"मामा, ताप एकशे सहा आहे. तारेला एवढा ताप चढत नाही."

"चढला असंल."

"आणि इथं हात लावा. खांद्याच्या पुढं. गाठ लागते का?"

लागली. लिंबाएवढी.

"ती आधीपास्नंच हाय," मी म्हणालो.

"दुसऱ्या बाजूलाही आहे."

"मग दोन्हीकडं आधीपास्नं हाय."

बायको दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "अवो, पोरगी शिकतीया त्याचंच. ऐकून तरी घ्या, ऐकायला फी न्हाई."

सुनेचं म्हणणं असं, की हा गोचीड ताप. गोचीड चावते, तिच्यातून एक बारीक जंतू रक्तात जातो, आणि तांबड्या पेशींत शिरून बसतो. त्यावर इंजेक्शन आहे. पण नुसत्या तापावरून नक्की सांगता येत नाही, रक्त बघावं लागतं. मी म्हणालो, बघ. टेम्पो परवा आहे, तोवर काय बघायचं ते बघ.

मी गाईचं डोकं खांबाला आवळून धरलं. सुनेनं मानेवरच्या खोबणीत अंगठा रुतवला, तशी शीर बोटाएवढी फुगून वर आली. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई घातली. पहिल्यांदा काहीच आलं नाही.

"शीर त्या अंगाला हाय," मी म्हणालो.

"मामा, तुम्ही बोलला की ती मान हलवते."

"ती माझा आवाज वळखती."

"म्हणूनच म्हणते."

दुसऱ्यांदा बरोबर लागली. तिनं दट्ट्या सावकाश ओढला. मग सिरिंजची सुई काढून टाकली आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त कडेकडेनं सोडलं. सुईतून जोरात दाबलं तर पेशी फुटतात, म्हणाली. नळीत रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध असतं. टोपण लावून तिनं नळी चारदोनदा उलटीपालटी केली, झोपलेलं मूल कुशीवर वळवावं तशी. मला ते काम फार नाजूक वाटलं.

रात्रभर नळी फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी प्रश्न आला, कॉलेजात तपासायला नेणार कोण. पोरगा पाळीवर. सुनेनं गाईजवळ थांबून ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, पाणी पाजायचं ठरलं. मी म्हणालो, माझ्या गाईचं रक्त मीच नेणार. सुनेनं नळी फडक्यात गुंडाळून थर्मासमध्ये बर्फाच्या वर ठेवली. कॉलेजच्या मॅडमना फोन केला. मला म्हणाली, "मधून हलक्या हातानं उलटी करा, बस. जास्त काही नको." मी दुधाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलो.

आता इथं माझी बाजू ऐका. मी ऐन उमेदीची सगळी वर्षं दूध संकलन केंद्रावर काढली. फॅट काढायचं काम माझ्याकडं. काचेच्या नळीत ॲसिड, त्यावर दूध, बूच लावायचं आणि नळी जोरजोरात हलवायची. हाताला चटका बसेपर्यंत ती गरम होते. हलवण्यात कुचराई केली तर आत गाठी राहतात आणि फॅट चुकतं. मी हलवलेल्या नळीत गाठ राहिली असं कुणी दाखवून द्यावं. म्हणजे नळी हातात आली की काय करायचं हे मला कॉलेजात जाऊन शिकायची गरज नव्हती. गोठू द्यायचं नाही एवढंच ना, मग हलक्या हातानं कशाला. मी थर्मास उघडला आणि नीट काम केलं.

मॅडम चाळिशीतल्या, पांढऱ्या कोटातल्या, हसऱ्या. त्यांनी नळीतलं थोडं रक्त काडीएवढ्या काचनळीत घेतलं आणि यंत्रात गरागरा फिरवलं. ते यंत्र बघून मला बरं वाटलं, आमच्या केंद्रावर फॅटच्या नळ्या फिरवायचं यंत्र होतं, त्याचाच धाकटा भाऊ. फिरून झालं की तांबड्या पेशी तळाला दाबून बसतात, मध्ये पांढऱ्याचा बारीक पट्टा येतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. नळीचा किती भाग तांबडा यावरून अंगात रक्त किती ते कळतं. पण आमच्या नळीत वरचं पाणीसुद्धा लालभडक.

मॅडमनी ती उजेडात धरली. "आजोबा, नळी हलवली होती का?"

"मन लावून हलवली."

"किती वेळ?"

"थांबलोच न्हाई. सुप्याच्या पुढं हात जरा दुखला, तेवढाच."

त्यांनी ओठ दाबून धरले, पण डोळे हसत होते. म्हणाल्या, "रक्त फुटलंय. दूध हलवलं तर बिघडत नाही. रक्तातल्या पेशी म्हणजे पातळ पिशव्या. त्या आपटून फुटल्या, आतला लाल रंग पाण्यात उतरला. आता यावरून किती रक्त आहे तेही सांगता येणार नाही आणि जंतूही दिसायचा नाही."

मी म्हणालो, "मॅडम, औषधाच्या बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं छापत्यात. मग ह्या नळीवर 'हलवू नका' असं का छापत न्हाईत?"

त्या म्हणाल्या, "हे मात्र मी उद्या वर्गात सांगणार आहे." याचा अर्थ मुद्दा बरोबर होता.

त्यांनी मला काचेच्या पट्ट्या कागदात गुंडाळून दिल्या. सुनेनं त्यावर ताजं रक्त पसरून उद्या सकाळी आणावं, असा निरोप दिला.

घरी आलो तर बातमी फोननं माझ्या आधी पोचलेली. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "गेले रक्त घेऊन, आले ताक करून."

सून हसली नाही. ती मला गोठ्यात घेऊन गेली आणि गाईच्या डोळ्याची खालची पापणी उलटी करून दाखवली. आत गुलाबी असायला पाहिजे तिथं पांढरं फटक. कागद जसा.

"मामा, हे बघा. हिच्या अंगात रक्तच कमी आहे. उद्या ऑपरेशनला घातली आणि तार निघाली नाही, तर ती उठायची नाही. पोटातलं वासरूही जाईल."

"आन तार आसली, आन तुझ्या पट्ट्यांच्या नादात येळ गेला, तर?"

"तरीही जाईल," ती म्हणाली. "म्हणूनच आधी बघायचं."

पोरगी खोटा धीर देत नव्हती, हे मला आवडलं. तिला तसं सांगायचं कारण नव्हतं. मी टेम्पोवाल्याला फोन केला, म्हणालो सकाळी नको, दुपारी ये. बारा वाजेपर्यंत सुनेचं, बारानंतर माझं.

पहाटे तिनं गाईच्या कानाच्या टोकाला सुई टोचली. थेंब वर आला तो पट्टीच्या कडेला घेतला, दुसरी पट्टी तिरकी धरून थेंबाला लावली आणि एका झटक्यात पुढं ढकलली. पहिलं जाड झालं, भाकरीवर चटणी फासावी तसं. ते बाजूला ठेवलं. दुसरं छान उतरलं. गाईच्या जिभेसारखा आकार आणि टोकाला विरळ विरळ होत गेलेलं. त्या विरळ टोकालाच पेशी एकेक सुट्या दिसतात, म्हणाली. मग पट्टी माझ्या हातात दिली.

"ही वाळेपर्यंत हलवा."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"खरंच. हवेत हलवायची. आता जोरात चालेल."

सून स्कूटीवर पुढं आणि मी मागं, छातीशी पट्ट्यांचं पुडकं, असे आम्ही गावातून निघालो. पारावरच्या एकानं विचारलं, "आज काय घेऊन चालला, दही?" मी पुडकं सावरलं. उत्तर सुनेनं दिलं. म्हणाली, "तुमच्या गाईचा नंबर उद्या आहे काका, पापण्या बघून ठेवा." घाटापर्यंत मला त्याचं हसू येत राहिलं.

कॉलेजात मॅडमनी पट्टीवर आधी एक पातळ औषध ओतलं, मग जांभळा रंग, आणि तो मुरायला ठेवला. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं. रंग धुऊन पट्टी दुर्बिणीखाली घातली तेव्हा मॅडम बाजूला झाल्या आणि सुनेला म्हणाल्या, "बस. तूच शोध." सून बसली. एक बोट चाकावर, दुसऱ्या हातानं पट्टी तसूतसू सरकवायची. किती वेळ गेला कोण जाणे. मी विचारलं, "सापडलं?" ती नाही म्हणाली. थोड्या वेळानं परत विचारलं. मॅडमनी मला खुर्ची दाखवली.

मग सुनेचं पट्टी सरकवणं थांबलं. बोटानं चाक जरा मागं, जरा पुढं. ती उठली आणि मॅडमना जागा दिली. मॅडमनी बघितलं, अजून दोन ठिकाणी बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर. थायलेरिया, गोचीड तापाचाच जंतू. भरपूर आहे."

"मला बघू द्या," मी म्हणालो.

पहिल्यांदा मला काळ्या काड्या दिसल्या. "दिसले, लांब लांब हायेत," मी सांगितलं. सून म्हणाली, "मामा, त्या तुमच्या पापण्या आहेत. जरा मागं सरका आणि एक डोळा मिटा." सरकलो. आणि मग दिसलं. फिक्या गुलाबी टिकल्याच टिकल्या, एकीला एक लागून. कितीतरी टिकल्यांच्या आत एखादा बारीक जांभळा ठिपका, काहीत अंगठीसारखं कडं. एवढ्याशा ठिपक्यानं माझी एवढी थोरली गाय खाली बसवली होती. मी बराच वेळ बघत राहिलो. जन्मभर गाईच्या बाहेरून हात फिरवला, आत पहिल्यांदाच गेलो.

बाहेर येऊन मी टेम्पोवाल्याला फोन केला, येऊ नको म्हणून. मॅडमनी आमच्या भागातल्या डॉक्टरांना कळवलं. दुपारी ते आले, मानेच्या मांसात इंजेक्शन दिलं, रक्त वाढायचं औषध दिलं आणि गोचिडांसाठी गोठा फवारायला सांगितला. त्या दिवशी काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशीही गाय तशीच. बायको सारखी पाणी दाखवत होती, सून सारखा थर्मामीटर लावत होती आणि मी नुसता बसून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी सवयीनं घासाची पेंढी पुढं केली तर तिनं ती हातातून ओढून घेतली, आणि थोड्या वेळानं खाली बसून डोळे मिटून रवंथ करायला लागली. सुनेनं खांबाला टेकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पुढं तिनं परत रक्त घेतलं, काचनळीत तांबडं किती चढलं ते मला दाखवलं. नऊ महिने भरल्यावर गाय सुखरूप व्याली. कालवड झाली, आईसारखीच काळीपांढरी.

आता पाठ दाबल्यावर ती कण्हली होती, त्याचं काय. डॉक्टर परत आले तेव्हा मी त्यांना हे विचारलं. ते म्हणाले, तापानं अंग दुखत असेल. मी म्हणालो, असेल, पण मी पाठ सोडणार नाही. शेवटी त्यांनी एक लोहचुंबक आणून गाईच्या घशातून पोटात सोडलं, तुमच्या समाधानासाठी म्हणाले. ते अजून आत आहे. तार असेल तर त्याला चिकटून गप पडली असेल, म्हणून गाय ठणठणीत आहे. सून म्हणते, मामा, तार नव्हतीच. मी तिला एवढंच म्हणतो, मॅडमना विचार. रक्तात तार दिसत नाही, हे त्यांनी स्वतः मला सांगितलंय.