तीन शिट्ट्यांचा प्रोग्राम

माझ्या साडूभाऊंइतका बिनकामाचा हुशार माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात नाही, हे मी पैजेवर सांगतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. हे मारेगावात घरबसल्या प्रोग्रामिंग शिकले. आणि लिहिलं काय? तर भिंतीवरची पाल हलली की घंटी वाजवणारा प्रोग्राम! नळाला पाणी केव्हा येईल हे सांगणारा दुसरा होता. तो रोज चुकायचा आणि चुकला की साडूभाऊंच्याच आवाजात "चुकलो बाप्पा" म्हणायचा.

सगळ्यांत गाजला तो कुकरचा. तीन शिट्ट्या झाल्या की कॉम्प्युटर ओरडायचा, "गॅस बंद करा जी!" पहिल्याच दिवशी त्याने शेजारच्यांच्या दोन शिट्ट्या आपल्यात धरल्या आणि आम्ही पाहुण्यांनी तुरीची डाळ कच्ची खाल्ली. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, भयंकर चिडली. साडूभाऊ मात्र ताटावरून उठून दुरुस्तीला बसले आणि संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर आपला कुकर ओळखायला लागला. "भाऊ, याचा फायदा काय?" मी विचारलं. "फायदा कायले पाह्यजे? मले मजा येऊन राह्यली न!" असा उजळलेला चेहरा मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

तो मुलगा पुण्यात हेच काम करतो, पण पगार घेऊन आणि कपाळाला आठ्या घालून. दिवाळीत आम्ही सगळे जमलो होतो. बाप बाजारात गेलेला पाहून त्याने कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो कोरा केला आणि बाप परतल्यावर म्हणतो कसा, "बाबा, निस्ता कचरा होता त्याच्यात. आता पाहा कसा फास्ट चालते." एवढं शिकलेलं पोरगं, एकदा विचारावं तरी! संतापाने मी चिवड्याची बशी खाली ठेवली. साडूभाऊंनी बटण दाबून पाहिलं. "हो न बाप्पा, फास्ट झाला खरंच," एवढंच म्हणाले. त्या प्रोग्रामांची दुसरीकडे प्रत ठेवायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. गंमत कुणी तिजोरीत ठेवतं का?

परवा गेलो, तर कॉम्प्युटरवर टॉवेल वाळत होता. "पुन्हा लिहा न भाऊ," मी म्हटलं.

"लिहीन. पण कचरा म्हणला न तो."

तेवढ्यात कुकर वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आतून मेहुणीने हाक मारली, "अजी, किती झाल्या?" त्या यंत्राला रोज शिव्या देणारी बाई ती! साडूभाऊंनी सवयीने टॉवेलकडे पाहिलं. "मोजल्या नाही मी," ते म्हणाले.

डाळीचा त्या दिवशी पार गाळ झाला. जेवताना मला त्या कच्च्या डाळीची फार आठवण आली.