साडूंचं स्वच्छ चॅनेल

माझे थोरले साडू आयुष्यभर विमा कंपनीत दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारत बसले आणि निवृत्त झाल्यावर एकाएकी त्यांना जग जोडायचा झटका आला. हौशी रेडिओचा परवाना त्यांच्याकडे होताच. घरात आम्ही त्यांना ‘कंट्रोल’ म्हणतो, कारण समोरच्याने तोंड उघडलं की यांचा हात आपोआप वर जातो: “थांबा, आधी मी.”

आमच्या गावात पाण्याच्या टाकीवर एक रिपीटर आहे आणि डोंगरापलीकडच्या गावात दुसरा. रिपीटर म्हणजे खालून आलेला आवाज उचलून लांब फेकणारं यंत्र. डोंगर मात्र त्याच्या बापालाही ओलांडता येत नाही. साडूंनी दोन्हीकडे एकेक संगणक लावला आणि ते इंटरनेटवरून जोडले. मधला सर्व्हर स्वतःच्या घरी, चपलांच्या कपाटात. “आपला आवाज दुसऱ्याच्या दारात कशाला ठेवायचा?” म्हणे. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, चपला तेव्हापासून जिन्यात असतात.

आणि एवढं करून बोलायचे काय? आमच्याच गावातले दहा-बारा पेन्शनर रोज सकाळी एकमेकांना विचारायचे, “माझा आवाज येतोय का?” येतोय म्हटलं की आभार मानून बंद. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्यातून पलीकडच्या गावाकडून जराशी खरखर यायची, तीही साडूंना सोसेना. तिकडच्या संगणकात त्यांनी आवाजाची किमान पातळी चढवून ठेवली: तिच्याखालचं काही पुढे जायचंच नाही. “आता ऐका! कसं स्वच्छ चॅनेल आहे!” मी ऐकलं. कोणीच बोलत नव्हतं.

खरं तर हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. डोंगरापलीकडे त्यांचे मास्तर राहतात. शाळेत त्यांनीच साडूंना पहिला रेडिओ जोडायला शिकवला आणि तो बोलेना तेव्हा अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, “तुला नाही जमायचं.” बायकोचा वाढदिवस विसरणाऱ्या या गृहस्थाने ते वाक्य मात्र म्हातारपणापर्यंत जपलं. मास्तरांनी चॅनेलवर येऊन एकदा “जमलं” म्हणावं, एवढ्यावर त्यांचा जीव अडकला होता. आणि मास्तर काही येईनात.

मी औषधं घेऊन गावोगाव फिरतो. साडू म्हणाले, “तिकडे जातच आहात तर डोकवा जरा. अजून अढी आहे का, विचारा.”

गेलो. मास्तर कॉटवर पडून होते. पक्षाघाताने एक बाजू गेलेली, बोलणं पुटपुटल्यासारखं, पण डोकं शाबूत. उशाशी हातात मावणारा रेडिओ सेट.

सून म्हणाली, “रोज सकाळी बोलतात हो. तिकडून कोणी ओ देत नाही. बाबा म्हणतात, त्याचा राग अजून गेला नसेल.”

माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथूनच साडूंना फोन लावला. “अहो, मास्तर रोज बोलतायत! आवाज बारीक झालाय त्यांचा. तुमची ती पातळी खाली घ्या.”

“आवाज आला की इथे सर्व्हरवर दिवा लागतो. तो लागला नाही. दिवा लागला नाही म्हणजे कोणी बोललं नाही.”

“मी त्यांच्या कॉटपाशी बसलोय!”

“एका माणसासाठी सगळ्यांना खरखर ऐकवू? त्यांना म्हणावं, जरा जोरात बोला.”

असा संताप आला की फोनमधून हात घालून त्या माणसाचा कान पिळावा. तेवढ्यात मास्तरांनी चांगला हात पुढे केला.

“ऐका, मास्तरांना तुमच्याशी बोलायचंय. फोन देतो.”

“फोनवर नको, फोनवर नको!” साडू घाईघाईने म्हणाले. “फोनवर काय, कोणीही बोलतं. चॅनेलवर म्हणू दे त्यांना. सगळ्यांनी ऐकलं पाहिजे.” आणि फोन ठेवला.

मास्तरांनी सगळं ऐकलं होतं; साडूंचा फोनवरचा आवाज खोलीभर जातो. त्यांनी सेट ओठांशी नेला आणि बटण दाबलं.

“पोरा… जमलं रे तुला. छान जमलं. माझंच… चुकलं होतं.”

तेवढ्याने त्यांना धाप लागली. सुनेने पदराने त्यांची हनुवटी पुसली. मास्तरांनी बटण सोडलं आणि आम्ही तिघं त्या सेटकडे बघत राहिलो.

साडूंचा आवाज आला, खणखणीत. “मास्तर, आम्ही सगळे थांबलोय, बोला… नाही? बघा मंडळी, मी म्हटलं नव्हतं? माणूस मरणाला टेकला तरी मनातली अढी जात नाही. चला, पुढचं स्टेशन.”

मास्तरांनी परत बटण दाबलं.