‘मानून’ हा शब्द वगळून

“पोटात लेकरू हाय का न्हाई ते मायच्या मानण्यावर ऱ्हात न्हाई, मंग देवाचं असणं तुमच्या-माझ्या मानण्यावर कावून ऱ्हाईल?” बायनाबाई एकदा मल्लिनाथआप्पांच्या दुकानात असं म्हणाली होती आणि पदराला ओवा बांधून आपल्या वाटेनं गेली होती.

आप्पांना ते वाक्य पुढं कितीतरी दिवस पुरलं. माणूस भाविक. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. धर्मापुरीच्या जुन्या महादेवाच्या देवळात पंच बसले की मधली जागा त्यांची. आणि बायनाबाई ही न्हाव्याची विधवा, गावाची सुईण. तिला देवापुढं हात जोडताना कुणी पाहिलं नव्हतं. तिचं देवाशी भांडण होतं असंही नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, “न्हाई म्हणत न्हाई मी. पण हाताला लागल्याबिगर हाय तरी कशी म्हणू?”

त्या हातावर मात्र साऱ्या गावाचा भरवसा होता. बाईच्या पोटावर ती तळवा ठेवायची, डोळे मिटायची आणि गप्प व्हायची. मग सांगायची ते खरं निघायचं. पायाळू असलं तर पायाळू, अडकलं असलं तर अडकलेलं. फक्त एकदा तिचं सांगणं कुणाला ऐकवलं नाही. बंकट देशमुखाच्या बायकोला, केसरबाईला, लग्नाच्या अकराव्या वर्षी दिवस राहिले. पोट दिसू लागलं, डोहाळे लागले, हिरवी साडी नेसवून तिला झोपाळ्यावर बसवलं, गाव डोहाळजेवण जेवून गेलं. सातव्या महिन्यात बायनाबाईनं पोटावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि हळूच म्हणाली, “बाई, इथं कुणी न्हाई.” बंकटरावांनी तिला घराबाहेर काढलं. नवव्या महिन्यात मूल न होताच पोट आपोआप उतरलं, तेव्हा तिच्या अभद्र तोंडानंच लेकरू गेलं, असं ते चारचौघांत बोलत राहिले.

फसली १३२२ साली, म्हणजे इंग्रजी १९१३च्या सुमारास, बंकटरावांचा धाकटा भाऊ रामहरी तापानं गेला. त्याच्या बायकोला, शिवकन्येला, तेव्हा आठवा महिना चालू होता. माघात भरदुपारी ती बाळंत झाली. ओसरीवर बसलेल्या बायकांना आतून रडणं ऐकू येईना. भाकरी थापून, भाजून व्हावी एवढा वेळ गेला आणि मग लेकराचा आवाज आला.

त्या गेलेल्या वेळावर बंकटरावांनी बोट ठेवलं. म्हणाले, लेकरू मेलेलंच जन्मलं. नदीकाठच्या पालावर त्याच सकाळी एक बाई बाळंत झाली होती, सुईणीनं मागच्या दारानं तिचं पोर आणून ठेवलं. पोर रामहरीचं ठरलं तर निम्मी जमीन त्याची. नाही ठरलं तर शिवकन्येनं रिकाम्या ओटीनं माहेरची वाट धरायची. प्रकरण मोमिनाबादच्या तहसिलीत गेलं. तिथून हुकूम आला, की पंचांनी शपथेवर साक्ष घेऊन महजर, म्हणजे पंचांचा निवाडा, लिहून पाठवावा. शिवकन्येची त्या वेळी शुद्ध हरपली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. साक्ष ती एकट्या बायनाबाईची.

सोमवारी सकाळी देवळात गाव जमलं. पाटील अण्णाराव दौत-लेखणी घेऊन बसले. शपथेचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते: महादेवाला मानून, बेलभंडार उचलून खरं सांगते. बायनाबाईनं पिंडीसमोरचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडार उचलून तळव्यावर घेतला.

“बेलभंडार उचलून खरं सांगते,” ती म्हणाली. “लेकरू निळं पडलं व्हतं. मी नाळ कापली न्हाई. मागनं पडलेली वार निखाऱ्यावर शेकत बसले. नाळीतनं ऊब गेली तसं ते हाललं, मंग रडलं. शिवकन्येच्या मांडीवर हाय ते तेच.”

“आप्पा, बाईनं शब्द गाळला,” बंकटराव बसल्या जागेवरून म्हणाले.

गाळला होता. सगळ्यांनी ऐकलं होतं. आप्पांनी खांबाआड बसलेल्या शिवकन्येकडं पाहिलं. तिनं लेकराला छातीशी असं धरलं होतं की जणू कुणी आत्ताच ओढून नेणार आहे. आप्पा वाकून बायनाबाईला हलक्या आवाजात म्हणाले, की एक शब्द आहे, म्हणून टाका. मनात कोण डोकावतंय?

“आप्पा, मी खरं सांगाया आले. सुरवातच खोट्यानं कशी करू?”

जो देवाला मानत नाही त्याला देवाचं भय नाही, आणि भयाशिवायची शपथ म्हणजे कोरडी विहीर, असं बंकटरावांनी सुनावलं. दोन-चार माना हलल्या.

बायनाबाईनं तळव्यावरचं पान सांडू दिलं नाही. “बंकटराव, देव असंल तर मी न मानता बी मला धरंल. नसंल तर तुमच्या मानण्यानं माझं काय व्हतंय? का तुमच्या देवाला असाया बी माझी रजा लागती?”

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. आप्पांचा हात नकळत गळ्यातल्या लिंगाकडं गेला. आपली पूजा एक दिवस चुकली तर तिकडं देवाचं काहीतरी कमी होईल, या धास्तीत त्यांनी पन्नास वर्षं काढली होती. समोरची पिंडी त्यांच्या आज्याच्याही आधीची. किती राजवटी आल्या, गेल्या, आता निजामाचा अंमल होता. दगड तेवढाच होता. तो कुणाच्या मानण्यावर उभा होता? ही न्हाव्याची बाई देवाला आपल्यापेक्षा मोठा समजते की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना आपलीच लाज वाटली.

पण रीत ती रीत. अण्णारावांनी लेखणी खाली ठेवली. शब्दावाचून शपथ पुरी होत नाही, आणि अपुरी शपथ कागदावर जात नाही, असं त्यांनी सांगितलं.

तेव्हा बायकांतून केसरबाई उठली. थोरामोठ्यांच्या देखत ती कधी उभीसुद्धा राहिली नव्हती. डोईवरचा पदर पुढं ओढून ती जमिनीकडं बघत बोलू लागली.

“मी मानलं व्हतं. नऊ महिने मानलं. साऱ्या गावानं मानलं, जेवून गेलं. आलं का कुणी?” तिनं बायनाबाईकडं बोट केलं. “त्या दिशी हिनं खोटं सांगितलं असतं तर लुगडं-चोळी घेऊन गेली असती. खरं सांगितलं म्हणून हाकलली हिला आमी. तो हात खोटं सांगत न्हाई. लेकरू रामहरीभाऊजींचं हाय.”

बंकटराव बायकोकडं बघत राहिले. मग उपरण्यानं मान पुसत बसले.

“लिहा,” आप्पा अण्णारावांना म्हणाले. “बेलभंडार उचलून सांगितलं. तेवढंच लिहा. जे म्हणली न्हाई ते लिहू नका.”

अण्णारावांनी लेखणी उचलली आणि लिहिलं. खाली पंचांचे अंगठे उमटले. शिवकन्या लेकरासकट पिंडीपुढं कोसळली आणि मग मोठ्यानं रडली. बायनाबाईनं बेलाचं पान होतं तिथं ठेवलं, हात झटकले आणि ती निघाली.

“बायनाबाई,” आप्पांनी मागून विचारलं. त्यांच्या आवाजात पंच नव्हता. “आता तुमीच सांगा. हाय का इथं कुणी?”

ती नंदीपाशी थांबली. शेकडो वर्षांच्या हातांनी त्या दगडाचं पोट गुळगुळीत झालं होतं. तिनं त्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि गप्प झाली. केसरबाईच्या पोटावर ठेवला होता त्याहून जास्त वेळ तिनं तो हात तिथं ठेवला.

मग तिनं हात काढून घेतला, पदर सारखा केला, उंबरा ओलांडला आणि एक अक्षर न बोलता उन्हात चालू लागली.