दिसतं तेवढंच

माण गावच्या शेतांवर आयटी पार्क वाढत होता, त्या वर्षांत ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. अंध माणसांना वेबसाइट वापरता येते का, हे तपासणं त्याचं काम. तपासताना तो मॉनिटर बंद करायचा, हेडफोन लावायचा आणि कॉम्प्युटर वाचून दाखवेल ते डोळे मिटून ऐकायचा.

गेटवरचा चहावाला म्हणायचा, "डोळं मिटून पगार मिळतुया, लई भारी काम हाय."

तो म्हणायचा, "हाय की."

फोटोत काय आहे हे सांगणारी एक ओळ, कॉम्प्युटरनं वाचून दाखवावी म्हणून, आम्हाला प्रत्येक फोटोसाठी लिहावी लागे. कासार आंबोलीच्या एका बंगल्याच्या फोटोसाठी मी 'निवांत, निसर्गरम्य घर' असं लिहिलं. त्यानं ते परत पाठवलं.

"निवांत कुठं दिसतंय? दिसतं तेवढंच लिही."

मी लाल कौलं आणि झोपाळा लिहिला. ते परत आलं नाही, म्हणजे चाललं.

पुढे आमच्याच वेबसाइटवर आमच्या टीमचा फोटो लागला. त्याची ओळ त्यानं लिहिली. मी ती हेडफोनमधल्या सपाट इंग्रजीत ऐकली. टीम पायऱ्यांवर उभी आहे, सगळे हसत आहेत, डावीकडून तिसरा सोडून.

तिसरा मी होतो.

"हसतोय की रे मी," मी म्हणालो.

त्यानं मॉनिटर चालू केला, फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ओठ ताणलेत," तो म्हणाला. "तसं लिहू?"

मी म्हटलं, आहे तेच राहू दे.