कॉलरची आतली बाजू

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे लिहायचं धाडस करतोय याबद्दल आधीच माफी मागतो. पण आज ओलसर सुती कापडावर इस्त्री फिरल्याचा वास आला आणि सदाशिव पेठेतला इंग्रजीचा क्लास आठवला. तिथे नवा शब्द, त्याचा अर्थ आणि स्वतःचं एक वाक्य फळ्यावर लिहावं लागे. मी पुस्तकातून उचलून लिहिलं, की माझे काका दर रविवारी स्वतःच्या बोटीतून फिरतात. सरांनी चष्मा वर केला. “अहो, बोट लावतात कुठे काका? मुठा नदीत?” सगळे हसले. “उद्या आपल्या घरातलं वाक्य आणा, नाहीतर खालच्या बॅचला बसा.” संध्याकाळी वारज्याला वडिलांच्या इस्त्रीच्या टपरीत वही उघडून बसलो, पण काही सुचेना. वडील एका शर्टाची कॉलर उलटी करून दाबत होते. “बाबा, आतली बाजू कुणाला दिसते?” “दिसत नाही, पण घालणाऱ्याच्या मानेला कळतं की.” दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘मेटिक्युलस’ लिहिलं, अर्थ लिहिला, ‘बारीकसारीक कामही काळजीने करणारा’, आणि खाली इंग्रजीत वाक्य, की माझे वडील मेटिक्युलस आहेत, ते कॉलरची न दिसणारी बाजूही इस्त्री करतात. या वेळी कुणी हसलं नाही. सर म्हणाले, “हे आज कुणी पुसायचं नाही.” आता मी शेवटच्या वर्षाला आहे, आणि काल त्या क्लासला जाणाऱ्या शेजारच्या मुलीने सांगितलं, की त्यांच्या नव्या छापील शब्दवहीत ‘मेटिक्युलस’खाली माझे वडील आहेत.