मॉरिशसचे तात्या

जर्मनीत बॉबलिंगेनमधल्या आम्हा पुणेकरांकडे किश्श्यांना तोटा नाही. पण मंदारने पाल पाळल्यापासून बाकीच्या किश्श्यांना कोणी विचारत नाही. हो, पाल! पुण्यात जिला झाडूने हाकलतो, ती या पठ्ठ्याने दुकानातून निवडून आणली.

लेकीचा, इराचा हट्ट. पाल मॉरिशस बेटावरची, बोटाएवढी, पोपटी, पाठीवर लाल ठिपके. ऐट अशी की नाव पडलं तात्या.

* * *

तात्यांची बडदास्त ऐका. काचपेटीत बांबू, उन्हासाठी खास दिवा. वाटीतलं पाणी चालत नाही, पानांवरचे थेंब चाटतात. म्हणून मंदार सकाळ-संध्याकाळ फवारा मारतो. घरच्या कुंड्या वाळून गेल्या, ते सोडा!

जेवायला किडे आणि फळांचा गर. एकदा तात्या आमरस चाटताना दिसले.

"अरे, हापूस?" मी ओरडलो.

"शेवटचा डबा," मंदारची बायको श्रुती म्हणाली. "मला चमचाभरसुद्धा नाही!"

* * *

हिवाळ्यात मंदार हाइत्सुंग, म्हणजे घरातला हीटर, जपून लावतो. माणसं स्वेटरमध्ये, तात्या मात्र मॉरिशसच्या उन्हात. परवा गेलो तर श्रुती काचपेटीला पाठ टेकून मीटिंग करत होती.

* * *

हा किस्सा ऑफिसातला. एक सहकारी मुटरशुत्सवर, म्हणजे बाळंतपणाच्या रजेवर होती. मंदारने तिला साधी एक शंका मेलवर विचारली. टीम लीड टोबियास लालबुंद!

"मुटरशुत्स म्हणजे मुटरशुत्स! त्या बाईला कोणीही त्रास द्यायचा नाही!"

मंदार आठवडाभर त्याची नजर चुकवत होता.

* * *

मग पुण्याहून मंदारची आई आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच तात्या दिसले.

"अगंबाई, पाल! श्रुती, या घरात ही तरी राहील नाहीतर मी!"

"अहो आई, ती बाहेर येत नाही."

"मग मी आत येत नाही!"

टोबियासकडे अशाच पाली आहेत. रविवारी तो तात्यांना घेऊन जाणार असं ठरलं. इराने जेवण सोडलं. एरवी आजीला जर्मनमध्ये उत्तर देणारी पोर, आता कुठल्याच भाषेत बोलेना. पोरीचं तोंड बघवत नव्हतं हो!

शनिवारी सकाळी बांबूला दोन पांढरी अंडी चिकटलेली. तात्यांनी घातलेली!

मंदार हबकला. आई मात्र खुर्ची ओढून काचेसमोर बसल्या. "काय गं, एकटीनेच उरकलंस?" म्हणाल्या, आणि दिवा विझवायचा नाही अशी घरात ताकीद दिली.

रविवारी टोबियास डबा घेऊन आला. इरा काचेला बिलगून रडायला लागली. आणि आई दारात आडव्या उभ्या!

"ओली बाळंतीण आहे! सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही, सांग त्याला!"

मंदार शब्द जुळवत बसला. इराने नाक पुसलं आणि आजीचं सगळं म्हणणं एका शब्दात सांगितलं, "मुटरशुत्स!"

टोबियास दोन पावलं मागे सरला. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, म्हणाला, आणि रिकामा डबा घेऊन जिना उतरला.